आठ महिने घरभर गाणी: टिकटिक, घूंऽऽ आणि काळ्या मातीतली अर्थिंग

घरच्या संगणकातली गाणी बैठकीत वाजवणाऱ्या, दिवाळीत बसवलेल्या या व्यवस्थेला आता आठ महिने होतील. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीहून बरंच आत. मागच्या खोलीत जुना डेस्कटॉप आहे. त्यावर साठवलेली गाणी घरातल्या नेटवर्कवर पुरवणारा लिरिअन म्युझिक सर्व्हर चालतो, म्हणजे पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर. बैठकीत रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक (पुढे नुसता 'पाय'), त्याला डिजिटल गाण्याचा आवाज करून देणारा यूएसबी डॅक, तिथून लाल-पांढऱ्या पिनांची केबल अॅम्प्लिफायरला आणि पुढे दोन जुने लाकडी स्पीकर. बाबांच्या भजनी मंडळाच्या खंजिरी भजनांच्या कॅसेटी मी संगणकावर उतरवून घेतल्या. शास्त्रीय गाण्यांचा साठा आधीपासून होता. मूर्तिजापूरला जन्मलेले, म्हणजे आमच्या वऱ्हाडातलेच वसंतराव देशपांडे त्यात सगळ्यात जास्त.

वापराबद्दल तक्रार नाही. मोबाइलवरून गाणं निवडायचं की बैठकीत वाजतं, आईलाही ते जमतं. इंटरनेट गेलं तरी अडत नाही, कारण गाणी घरातच आहेत. हे लिहितोय ते आवाजांसाठी. नको असलेल्या आवाजांनी माझा अख्खा उन्हाळा घेतला.

सुरुवातीला सगळं वायफायवर होतं आणि गाणं मधेच तुटायचं. घर जुनं, भिंती दीड-दीड हात जाड. सीडीच्या दर्जाचं गाणं सेकंदाला १४११ किलोबिट, दर्जा न घटवता लहान केलेल्या फ्लॅक फाइलमध्ये त्याहून कमी, म्हणजे वेग पुरेसा होता, पण सिग्नल भिंतीत अडत होता. जानेवारीत यवतमाळहून तीस मीटर लॅन केबल आणली. दुकानदाराने चांगली म्हणून धातूचं आवरण असलेली, शिल्डेड दिली, मीही आनंदाने घेतली. तुटणं त्या दिवसापासून थांबलं.

आणि त्याच आठवड्यात टिकटिक सुरू झाली. साधारण सेकंदाला एक, घड्याळासारखी. गाणं चालू असताना ऐकू येत नसे, पण दोन भजनांच्या मधे स्पष्ट यायची. बाबा म्हणाले, "हे काय टिकटिक करून राह्यलं रे तुह्यावालं?" मी सर्व्हरच्या सेटिंग बदलल्या, गाणं आगाऊ साठवून ठेवणारा बफर वाढवला, पायचं मेमरी कार्ड नव्याने भरलं. काहीच फरक नाही. आठ-दहा दिवसांनी लक्षात आलं की टिकटिक फक्त रात्री असते, दिवसा नसते. रात्री आमच्याकडे काय चालू होतं? झटका मशीन.

रानडुकरं आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) तूर वाचवायला घरामागच्या वावराला आम्ही तारेचं कुंपण केलंय. बॅटरीवरचं झटका मशीन गोठ्यात आहे. ते सेकंदाभराच्या अंतराने तारेत एक झटका सोडतं. त्याची अर्थिंगची तार मी स्वतःच मागच्या खोलीच्या अर्थिंगच्या खड्ड्याला बांधली होती, वेगळा रॉड ठोकायचा कंटाळा म्हणून. प्रत्येक झटका त्या खड्ड्यातून डेस्कटॉपच्या पत्र्यात, तिथून शिल्डेड केबलच्या आवरणातून पायमध्ये आणि शेवटी स्पीकरमध्ये येत होता. कुंपणाची अर्थिंग घरच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर दूर हवी, हा नियमच आहे आणि तो सुरक्षेसाठी आहे. ज्यांच्याकडे झटका मशीन आहे त्यांनी आजच जाऊन तार कुठे बांधलीय ते पाहावं. मी बांधाजवळ वेगळा रॉड ठोकला आणि टिकटिक त्याच रात्री गेली.

मग मार्चपासून घूंऽऽ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची घरघर ५० आणि १०० हर्ट्झला ऐकू येते. सुगम संगीतात ती खपून जाते, तानपुऱ्यासोबत मात्र फार टोचते. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) तानपुऱ्यात पंचमाची तार साधारण १०४ हर्ट्झला लागते. शेजारी १०० ची घरघर आली की दोन्ही एकमेकांवर घासतात, पंचम हलतोय असं वाटतं. आलापाच्या सुरुवातीला मी उठून आवाज बंद करत असे, इतका त्रास.

एक गोष्ट तेव्हाच समजायला हवी होती. मूळ रेकॉर्डिंगमध्येच नसेल तर घरघर गाण्याच्या डेटातून येत नाही. डेटा बिघडला तर गाणं तुटेल, किंवा कट-कट होईल. गाणं थांबवूनही घूं चालू राहिली तर ती तारांमधून येतेय असं समजा. मग क्रमाने तारा काढायच्या. मी अॅम्प्लिफायरची लाल-पांढरी केबल काढली, आवाज गेला. म्हणजे अॅम्प्लिफायर ठीक. ती परत लावून लॅन केबल काढली, घूं निम्म्याहून कमी झाली. पायचा चार्जर काढून पॉवर बँक लावली, उरलेलीही जवळपास गेली.

कारण असं होतं. बैठकीची आणि मागच्या खोलीची अर्थिंग दोन वेगळ्या खड्ड्यांत. दोन खड्ड्यांमध्ये विजेच्या दाबाचा फरक असतो, आणि माझ्या केबलच्या धातूच्या आवरणाने ते दोन्ही जोडून टाकले होते. लॅनच्या पोर्टमध्ये बारीक ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे साध्या, आवरण नसलेल्या केबलमधून असा प्रवाह वाहत नाही. साधी केबल टाकली. तिचा खर्च शिल्डेडपेक्षा कमीच आला.

तरी एप्रिल-मे मध्ये चार्जरची घूं वाढतच गेली, आणि अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की बारीक मुंग्या येऊ लागल्या. एका ओळखीच्याने फोनवर सांगितलं, प्लगची तिसरी पिन काढून टाक, घूं जाते. कृपा करून हे कुणीही करू नका. घूं कदाचित जाईल, पण आत फेज पत्र्याला लागला तर तो तुमच्या अंगातून जमिनीत जाईल. आमच्या घरात लहान मुलं स्पीकरभोवती खेळतात.

मृगाचा पहिला पाऊस जोरात झाला. त्या रात्री घूं नव्हती. चार दिवस उघाड पडली, घूं परत. तेव्हा कुठे मी अंगणातल्या, बैठकीच्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेलो. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगा टाकते. तो खड्डाही तसाच फाटला होता आणि पट्टी मातीपासून सुटून उभी होती. गावातल्या वायरमन भाऊंना बोलावलं. त्यांनी फेज आणि अर्थिंगमध्ये शंभरचा बल्ब लावला, तो नुसता लालसर झाला. म्हणाले, "भाऊ, या खड्ड्यात ओलच नाही, अर्थिंग काय धरीन?" नवा खड्डा केला, कोळसा-मीठ भरलं, पाणी घालायला पाइप ठेवला, आणि दोन्ही खड्डे जाड जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्टीने जोडले. न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मल्टिमीटरवर ३१ व्होल्ट दिसायचा, आता २ दिसतो. बल्ब पूर्ण पेटतो. मुंग्या नाहीत, आणि चार्जर तोच असूनही घूं कान लावल्याशिवाय कळत नाही. बल्बची ही परीक्षा वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः करू नका.

बाबांच्या जुन्या बटणांच्या फोनचा टर्रर्र वेगळा. २जी फोन सेकंदाला २१७ वेळा सिग्नल सोडतो, तो स्पीकर पकडतो. फोन खिडकीत ठेवायला सांगितलं, प्रश्न मिटला. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर येणारी खरखर मात्र अजून आहे. आमचा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे, आणि साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, घ्यायला कापूस विकेपर्यंत थांबावं लागेल.

विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर पकडला की एकदा "टक" येतो, तोही राहिलाय. स्टार्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर, म्हणजे असा विजेचा धक्का शोषणारा छोटा भाग, लावून पाहायचं आहे. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाइपात दोन बादल्या पाणी घालायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय. तुळशीला घालते तेव्हाच घालीन म्हणते.