मास्तरकी सोडताना रेझ्युमे कोणता: तारखांचा, कौशल्यांचा की दोन्हींचा?

लातूर जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत मी 7 वर्षं शिकवलं. 'पुढच्या वर्षी अनुदान येतंय' हे सातही वर्षं ऐकलं. मग वाळूजच्या एका कंपनीत ट्रेनिंग विभागात लागलो. आता भरतीच्या दिवसांत अर्ज चाळायला मलाही बसवतात. गावाकडून फोन येतात ते बहुतेक एकाच कामाचे: "सर, लाइन बदलायचीय, बायोडाटा कसा करू?"

आधी बायोडाटा विसरा. वडिलांचं नाव, जात, लग्न झालंय की नाही, शेवटी 'वरील माहिती खरी आहे' आणि सही, हा झेरॉक्सच्या दुकानातला तयार साचा. नाव बदललं की दुसऱ्याचा होतो. क्षेत्र बदलणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही. त्याच्यापुढे खरे पर्याय तीन.

पहिला तारखांचा. शेवटची नोकरी सगळ्यात वर, मग तिच्या आधीची, असं खाली खाली जायचं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हाच सवयीचा. मी पहिल्यांदा हाच घेऊन गेलो होतो. समोरच्या साहेबांनी कागद उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही शाळेत काय करत होता ते कळलं. आमच्याकडं काय करणार, ते कुठंय?" वर मोठ्या अक्षरात 'सहायक शिक्षक', खाली विषय आणि वर्ग. त्यांचं काय चुकलं?

पण उडी लहान असेल तर हाच घ्या. जालन्यात बियाणं कंपनीसाठी शिवारं हिंडणारा माणूस खतं-औषधांच्या विक्रीत जातोय, डाळ मिलचा अकाउंटंट जिनिंगमध्ये जातोय, तर माल बदलला, काम तेच राहिलं. तिथं उगीच नवा साचा शोधत बसू नका.

दुसरा कौशल्यांचा. वर कौशल्यांचे ठसठशीत मथळे, नोकऱ्या तळाला दोन ओळींत, तारखा गायब. हा आपल्यासाठीच काढलाय असं वाटतं. मलाही वाटलं होतं. तो मी बऱ्याच ठिकाणी पाठवला, एकाही ठिकाणाहून बोलावणं आलं नाही. कारण खुर्चीची बाजू बदलल्यावर कळलं. अर्ज हातात आला की नजर आधी तारखा शोधते. त्या नसल्या की मनात येतं, हा काहीतरी झाकतोय. शिवाय 'संवादकौशल्य, नेतृत्व, टीमवर्क' हे शब्द प्रत्येक अर्जात असतात, ते मी वाचतसुद्धा नाही. आणि झाकून राहतं तरी कुठं? रुजू होताना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागतात; पीएफ कापला गेला असेल तर आधीच्या नोकऱ्यांच्या तारखा तिथं नोंदलेल्याच असतात.

एकाच बाबतीत मी हा चालवून घेईन: ज्या बाईनं पगाराची नोकरी कधी केली नाही, पण बचत गटाचा हिशोब वर्षानुवर्षं लिहिला. तिनंही कुठल्या वर्षापासून ते लिहावंच.

तिसरा मिश्र, आणि मोठ्या उडीला माझं मत यालाच. वर तीन ओळी: कोणतं काम हवंय आणि त्यातलं मला काय येतं. मग चार-पाच पुरावे. त्याखाली नोकऱ्या, तारखांसकट, काही न लपवता. सगळी कसोटी त्या पुराव्यांत आहे.

माझी मामेबहीण परभणी जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मानधनावर होती. तिला शेंद्र्याच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये अर्ज करायचा होता. तिनं लिहिलं होतं, 'शालेय पोषण आहाराचे काम पाहिले.' मी म्हटलं, पाहिलं म्हणजे काय केलं ते सांग. मग गाडी रुळावर आली. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. एका दिवशी लहान 110 आणि मोठी 80 मुलं हजर असली की 11 आणि 12, असा 23 किलो तांदूळ काढायचा. पोती कधी आली, किती उरली, वहीतला आकडा आणि कोठीतला माल जुळतो का, हे रोज बघायचं. "अगं, हेच तर स्टोअर!" आवक, जावक, शिल्लक, फरक. नव्या कागदावर ओळ अशी आली: 'सुमारे 190 मुलांच्या आहाराचा धान्यसाठा सांभाळला, हजेरीनुसार रोजचा खर्च काढून शिल्लक प्रत्यक्ष मालाशी जुळवली.' एक शब्दही वाढवून सांगितलेला नाही.

मिश्रची खोट अशी की तो एकदा करून शंभर ठिकाणी पाठवता येत नाही. जाहिरात बदलली की वरचा अर्धा भाग बदलायचा, दर अर्जाला एक संध्याकाळ जाते. कॉन्ट्रॅक्टरकडून ऑपरेटर म्हणून लागायचं असेल तर एवढा खटाटोप फुकट आहे. तिथं आयटीआयचा ट्रेड आणि आधी कुठल्या मशीनवर होतात एवढंच बघतात. तारखांचा एका पानाचा पुरे.

साचा कुठलाही घ्या, ऑनलाइन अर्जाला एकच रकाना ठेवा, फोटो आणि चौकटी नकोत. आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि दोन रकान्यांत त्याचा गोंधळ उडू शकतो. मराठीतून द्यायचा असेल तर डीटीपीवाल्याला युनिकोडमध्ये टाइप करायला सांगा. कृतिदेवातली वर्डची फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.

राहिला गॅप. आपल्याकडे तो बहुतेक स्पर्धा परीक्षेचा. तिन्ही साच्यांत एका ओळीत लिहून टाका: '2019 ते 2022, एमपीएससीची तयारी.' पूर्व परीक्षा पास झाला असाल तर वर्षासकट लिहा, नसाल तर तयारी एवढंच. त्या काळात क्लासवर शिकवलं असेल, अभ्यासिका सांभाळली असेल तर तो अनुभव आहे, त्याला अनुभवातच जागा द्या. मागे एका अर्जात चार वर्षांच्या जागी नुसती रेघ होती. पोरगा हुशार होता, पण मुलाखतीची वीस मिनिटं त्या रेघेवरच गेली.