फॅन कॉइल बदलल्यानंतरचे दहा महिने आणि सव्वा इंचाची फट

कॅनडातील मिसिसागा शहरातल्या आमच्या कॉन्डोमधले 22 वर्षांचे जुने फॅन कॉइल युनिट (गरम किंवा थंड पाण्याच्या नळ्यांच्या वेटोळ्यावरून, म्हणजे कॉइलवरून, पंख्याने हवा फिरवून घर उबदार किंवा गार करणारे यंत्र) ऑक्टोबर 2024 मध्ये काढून नवे बसवले, त्याला आता दहा महिने होत आले. हाच अनुभव जूनमध्ये लिहिला असता, तर भाषा फार कडक झाली असती.

हिवाळा उत्तम गेला. जुन्या मोटरला तीनच वेग होते आणि तिन्हींत ती घुमत असे. नवी ईसीएम (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची) मोटर गरजेनुसार आपला वेग स्वतःच बदलते, त्यामुळे यंत्र चालू आहे की बंद, हे रात्री जाळीपुढे हात धरून पाहावे लागते. विजेच्या बिलात महिन्याला चार-पाच डॉलर वाचले, हेही मी वहीत नोंदवले आहे.

तक्रार आहे ती फिल्टरच्या मापाविषयी. साडेदहा बाय सव्वाएकवीस इंच! या मापाचा फिल्टर मला एकाही दुकानात मिळाला नाही. विक्रेता एका फिल्टरचे 24 डॉलर घेतो आणि दुकानात 10 बाय 20 चा साधा फिल्टर आठ डॉलरांना मिळतो. दर तीन महिन्यांनी तो बदलायचा म्हटल्यावर वर्षाला 64 डॉलरांचा निव्वळ भुर्दंड. म्हणून डिसेंबरात मी दुकानातला फिल्टर आणून उरलेल्या फटीवर चिकटपट्टी लावली आणि स्वतःवरच खूश झालो.

आमच्या इमारतीत दोन-पाइपची व्यवस्था आहे. हिवाळ्यात ज्या पाइपांतून गरम पाणी येते, त्यांतूनच उन्हाळ्यात थंड पाणी येते आणि हा बदल इमारत ठरवील तेव्हाच होतो. एप्रिलमध्ये एखादा दिवस तापला, तर कितीही महागडा थर्मोस्टॅट उपयोगाचा नाही. थंड पाणी मेमध्ये सुरू झाले. जूनच्या लाटेत पारा 35 अंशांपुढे गेला आणि ऐन त्या दिवसांत युनिटखाली पाणी साचून दिवाणखान्यातील लाकडी फरशी फुगली. बसवणाऱ्या कंपनीने तीन दिवस ताटकळत ठेवले आणि वर वॉरंटीसाठी मूळ फिल्टरची अट ऐकवली. मी अर्धा तास भांडलो. व्यवस्थापनाकडून मदतीची आशा नव्हती, कारण आमच्या डिक्लेरेशनप्रमाणे (कॉन्डोच्या मूळ दस्तऐवजाप्रमाणे) उभे पाइप सामाईक असले तरी युनिट मालकाचे असते.

तंत्रज्ञाने झाकण उघडले तेव्हा चिकटपट्टी सुटून लोंबत होती. सव्वा इंचाच्या फटीतून गेलेली धूळ आणि तंतू कॉइलवर व त्यावरून ठिबकणारे पाणी झेलणाऱ्या खालच्या ड्रेन पॅनमध्ये साचले होते. हिवाळ्यात कॉइलवर दव धरत नाही, म्हणून तो थर कोरडाच राहिला. थंड पाणी आल्यावर भिजून त्याचा लगदा झाला आणि निचऱ्याची नळी तुंबली. तो गोळा त्याने माझ्यासमोर धरला, तेव्हा माझ्याकडे बोलायला काही उरले नाही. या भेटीचे 180 डॉलर झाले. फरशीचा खर्च निराळा.

सफाईनंतरही त्या लाटेत घर 25 अंशांखाली उतरले नाही, पण हा दोष युनिटचा नाही. इमारतीचा चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) जेवढे थंड पाणी पाठवतो, त्याहून जास्त गारवा युनिट आणणार कोठून? पश्चिमेच्या काचेला जाड पडदे लावल्यावर मात्र फरक जाणवला.

तरीही माझे मत कायम आहे: फिल्टरची खाच अर्धा इंच अरुंद आणि सव्वा इंच आखूड केली असती, तर कोणाचे काय बिघडले असते? युनिट बदलणाऱ्यांनी कोटेशनवर फिल्टरचे माप आणि किंमत लिहून घ्यावी. चार फिल्टर एकदम घेतल्यावर मला ते प्रत्येकी 19 डॉलरांना मिळाले. तरी वर्षाला जास्तीचे 44 डॉलर जातातच आणि ते मी वहीत वेगळ्या रकान्यात लिहितो.