कासच्या वाटेवरची ‘जंगली कॉफी’

कासच्या वाटेवरील एका लहान रोपवाटिकेतून गेल्या आषाढात मी ‘जंगली कॉफी’ अशी चिठ्ठी लावलेली, गुडघ्याएवढी दोन रोपे प्रत्येकी 150 रुपयांना आणली. पावसाळ्यात कोणतेही रोप तरतरीतच दिसते, म्हणून आमच्या साताऱ्यातील घराच्या उत्तरेकडील व्हरांड्यात त्यांचा एक उन्हाळा पार पडेपर्यंत अभिप्राय लिहिण्याचे मी टाळले होते.

पहिली तक्रार चिठ्ठीबद्दलच आहे. हे झाड कॉफी नव्हे, तर कॉफीच्या कुळातील सायकोट्रिया या प्रजातीचे आहे. दीड हजारांहून अधिक जातींची ही प्रजाती जगभरच्या उष्ण प्रदेशांत उंच झाडांच्या सावलीत वाढते आणि सह्याद्रीच्या सदाहरित रानांतही तिच्या काही जाती आढळतात. समोरासमोर आलेली पाने, दोन देठांच्या मध्ये दिसणारे इवलेसे उपपर्ण आणि फळात एका बाजूने सपाट असलेल्या दोन बिया, एवढे पाहिले की कॉफीशी असलेले नाते पटते. मात्र ‘कॉफी’ हा शब्द वाचून कोणी त्या बिया भाजायला घेऊ नयेत. दक्षिण अमेरिकेतील सायकोट्रिया व्हिरिडिस या जातीच्या पानांत भ्रम निर्माण करणारे द्रव्य असते, तेव्हा अशा प्रजातीच्या रोपावर जातीचे नाव लिहिलेलेच हवे. मालकांना ते सांगता आले नाही, पण त्यांनी ठोकून काही दिलेही नाही, आणि बिया जावळीतील आपल्या मालकीच्या रानातल्या आहेत, हे विचारण्याआधीच सांगितले.

खरे तर मी तेथे गेले होते ती लाल ओठांसारख्या दिसणाऱ्या प्रसिद्ध झाडासाठी. त्याच्या छायाचित्राला भुलून मी पूर्वी ऑनलाइन मागवलेल्या पाकिटातून एकही कोंब वर आला नव्हता. ते ‘ओठ’ म्हणजे पाकळ्या नसून सहपत्रे, म्हणजे फुलांजवळची रंगीत पाने असतात, खरी फुले त्यांच्या मधोमध येतात, आणि अभ्यासकांनी ही मध्य अमेरिकेकडची जात सायकोट्रियातून काढून आता पॅलिकोरिया या जवळच्या प्रजातीत घातली आहे. त्या झाडाला बारमाही दमट हवा लागते. ती साताऱ्यात चैत्र-वैशाखात कुठून आणायची? मालकांनी ते रोप मिळणार नाही असे स्पष्ट सांगितले आणि या दोन रोपांकडे बोट दाखवले. “ताई, ऊन दाखवू नका ह्यांना, सकाळचं कोवळं तेवढं चालंल,” हा त्यांचा सल्ला तंतोतंत खरा ठरला.

मातीच्या बाबतीत मात्र रोपवाटिकेने निष्काळजीपणा केला आहे. पिशवीत चिकट काळी माती ठासलेली होती, पाणी खाली उतरत नव्हते आणि एका रोपाची मुळे तळाशी वेटोळी झाली होती. मी दोन्ही रोपे तांबडी माती, कुजलेला पालापाचोळा व थोडी वाळू यांच्या मिश्रणात लावली. पुढे बोअरच्या जड पाण्याने पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागला, जे आपल्याकडच्या अनेक अंगणांतील एक्झोऱ्याचेही दुखणे आहे. या कुळातील पुष्कळ झाडांना किंचित आम्ल माती मानवते आणि चुनखडीच्या पाण्यामुळे त्यांना लोह घेता येत नाही. साठवलेले पावसाचे पाणी सुरू केल्यावर नवी पालवी हिरवीगार आली.

एकाऐवजी दोन रोपे घेण्याचा मालकांचा आग्रह मला तेव्हा विक्रीची युक्ती वाटला होता. पण त्यामागे कारण होते. या प्रजातीतील अनेक जातींत काही झाडांच्या फुलांतील कुक्षीवृंत (स्त्री-अवयवाचा दांडा) लांब व पुंकेसर (नर अवयव) आखूड असतात, तर काहींत नेमके उलट असते, आणि फळे चांगली धरण्यासाठी दोन्ही प्रकार जवळ असावे लागतात. वैशाखाच्या अखेरीस पांढऱ्या, नाजूक फुलांचे झुबके आले खरे, परंतु माझी दोन्ही रोपे लांब कुक्षीवृंताचीच निघाली. यात मालकांचा दोष नाही; फूल येईपर्यंत ते कळत नाही. फोन केल्यावर त्यांनी एक फूल घेऊन या, त्याला जोड पाहून तिसरे रोप देतो, असे सांगितले आहे, आणि येत्या रविवारी मी जाणार आहे.