स्पेनच्या तिसऱ्या श्रेणीतला आघाडीवीर : थांबायचं, पोलंडला जायचं की भारतात यायचं?

एफसी गोवाच्या चाहत्यांना फेरान कोरोमिनास (कोरो) आणि इगोर आंगुलो हे स्पॅनिश आघाडीवीर भेटले ते वयाच्या पस्तिशीच्या आसपास. पण स्पेनमध्ये खालच्या श्रेणीत खेळणाऱ्या आघाडीवीरापुढे खरा प्रश्न त्याच्या बराच आधी, चोविशी-पंचविशीत उभा राहतो. घरीच थांबून वर चढायचं, पोलंडसारखी लीग गाठायची, की थेट भारताचा करार घ्यायचा? पगाराचा आकडा बघण्याआधी वय आणि परतीची वाट बघावी, असं आमचं मत आहे.

आधी घरचं गणित. २०२१ मध्ये स्पेनने श्रेणींची फेररचना केली. जुन्या तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे सेगुंदा बेमध्ये, ८० संघ होते (शेवटच्या हंगामात त्याहूनही जास्त). आता तिसरी श्रेणी म्हणजे प्रिमेरा फेडेरासिओन, त्यात २० संघांचे दोन गट. प्रत्येक गटाचा विजेता थेट वर जातो, दुसरा ते पाचवा प्लेऑफ, म्हणजे बढतीच्या उरलेल्या जागांसाठीचे सामने, खेळतात. ४० संघांतून ४ वर जातात आणि १० खाली घसरतात. म्हणजे साधारण संघात सही केली, तर बढतीपेक्षा घसरणीची शक्यता अडीच पट. खाली चौथ्या श्रेणीत, सेगुंदा फेडेरासिओनमध्ये, १८ संघांचे पाच गट आहेत. तिथे सापडलेल्या खेळाडूकडे वरच्या क्लबांचं लक्ष फार क्वचित जातं.

त्यात वयाची मेख आहे. संघात २३ वर्षांवरच्या खेळाडूंना मोजक्याच जागा असतात. २२ व्या वर्षी बाकावर बसणारा फॉरवर्ड क्लबला परवडतो; दोन वर्षांनी तोच बाकावर असेल तर तो मोठ्यांची एक जागा अडवतो, आणि उन्हाळ्यात त्याला सर्वांत आधी निरोप मिळतो. म्हणून या वयात मोठ्या नावाच्या क्लबपेक्षा जिथे ९० मिनिटं खेळायला मिळतील तो क्लब घ्यावा.

घरी थांबून वर गेलेले आहेत. बोर्हा इग्लेसियासने २०१६-१७ मध्ये सेल्टाच्या राखीव संघाकडून तिसऱ्या श्रेणीत ३० हून अधिक गोल केले. पुढच्या हंगामात दुसऱ्या श्रेणीत सारागोसाकडून २२, त्यानंतर ला लीगात, म्हणजे पहिल्या श्रेणीत, एस्पान्योलकडून १७, आणि २०१९ मध्ये बेतिसने त्याच्यासाठी २८ दशलक्ष युरो मोजले. मात्र तिसऱ्या श्रेणीतून निघताना तो २४ वर्षांचा होता. एन्रिक गायेगोची वाट याच्या अगदी उलट. कोर्नेयासारख्या छोट्या क्लबमधून तो जानेवारी २०१८ मध्ये एक्स्त्रेमादुराकडे गेला, त्या उन्हाळ्यात संघ दुसऱ्या श्रेणीत चढला, आणि जानेवारी २०१९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तो उएस्काकडून ला लीगात उतरला. गायेगोचं उदाहरण मन भरून टाकतं, पण त्यावर बेत आखू नये. अशी माणसं दशकात एखाद-दुसरीच.

आता पोलंड. स्पॅनिश खेळाडूला युरोपीय संघाचा नागरिक म्हणून व्हिसा लागत नाही, पहिल्या श्रेणीत १८ संघ आणि ३४ सामने, आणि खेळ जास्त मोकळा. स्पेनच्या तिसऱ्या श्रेणीत बचावफळी एकमेकांना चिकटून खोल बसते, फॉरवर्डला पाठ फिरवून चेंडू धरण्यातच सामना घालवावा लागतो. पोलंडमध्ये चेंडू हिसकावल्यावर धावायला मैदान मिळतं. कार्लितोस २०१७ मध्ये विल्लारेआलच्या राखीव संघातून विस्वा क्राकूफला गेला आणि पहिल्याच हंगामात २४ गोलांसह लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. एक गोल कमी पडून दुसरा राहिला तो आंगुलो.

आंगुलोची कारकीर्द बारकाईने बघण्यासारखी आहे. अॅथलेटिक बिल्बाओच्या मुशीतला, पण पहिल्या संघात जागा मिळाली नाही. मग स्पेनच्या खालच्या श्रेणी, सायप्रस, ग्रीस. २०१६ मध्ये, ३२ व्या वर्षी, त्याने गुर्निक झाब्जेशी करार केला तेव्हा तो संघ पोलंडच्या दुसऱ्या श्रेणीत होता. संघ वर आला. पुढे २०१७-१८ मध्ये २३ आणि २०१८-१९ मध्ये २४ गोल. आमच्या मते पोलंडची दुसरी श्रेणीही स्पेनच्या चौथ्या श्रेणीपेक्षा चांगला पर्याय आहे, कारण तिथले गोल शेजारच्या देशांतले क्लबही मोजतात. त्रास हिवाळ्याचा. डिसेंबरच्या मध्यापासून जवळजवळ जानेवारीअखेर लीग थांबते आणि फेब्रुवारीत कडक मैदानावर पुन्हा सुरू होते. मांडीच्या स्नायूंच्या दुखण्याचा इतिहास असेल, तर हा मुद्दा हलका घेऊ नका.

भारत पैशाला आणि मानाला चांगला, मात्र परतीला अवघड. कोरोने गोव्याकडून इंडियन सुपर लीगमध्ये ४८ गोल केले आणि सलग दोनदा सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट घेतला. आंगुलोने २०२०-२१ मध्ये गोव्यासाठी १४ आणि पुढच्या हंगामात मुंबई सिटीसाठी १० गोल केले. पण दोघंही कारकिर्दीच्या शेवटच्या टप्प्यात होते. २६ व्या वर्षी इथे आलात तर सामने कमी (२०२४-२५ मध्ये साखळीत प्रत्येकी २४; प्रिमेरा फेडेरासिओनमध्ये ३८), आणि स्पॅनिश क्लब ते गोल फारसे जमेस धरत नाहीत. मैदानावर एका वेळी चारच परदेशी, त्यामुळे सहा सामने गोल झाला नाही की जागा थेट धोक्यात. शिवाय जुलै २०२५ मध्ये हंगामच स्थगित झाला आणि करार केलेले परदेशी अधांतरी राहिले.

म्हणून चोविशीपर्यंत घर, २५ ते ३१ पोलंड, त्यानंतर भारत, असा आमचा क्रम.

सही करताना तीन गोष्टी मात्र कुठेही तपासाच. रक्कम कर कापून आहे की आधीची, हे लिहून घ्या. भारतात आर्थिक वर्षात १८२ दिवस भरले की तुम्ही इथले करदाते होऊ शकता. ‘इतके सामने खेळल्यास करार आपोआप वाढेल’ अशी अट असेल, तर तो आकडा जवळ येताच बाकावर बसवण्याचा मोह क्लबला होतो, तेव्हा आकडा छोटा ठेवा. आणि पगार थकण्याची तयारी हवी. स्पेनचा रेउस क्लब जानेवारी २०१९ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून काढला गेला, गायेगोला वर नेणारा एक्स्त्रेमादुरा २०२२ मध्ये बंद पडला. दोन महिन्यांचा पगार थकला, तर फिफाच्या नियमानुसार लेखी नोटीस देऊन १५ दिवसांनी करार मोडता येतो. परदेशी क्लब असेल तर तक्रार थेट फिफाच्या तंटा कक्षाकडे जाते, तीही दोन वर्षांच्या आत. स्पेनमध्येच असाल तर आधी खेळाडूंच्या संघटनेकडे, म्हणजे एएफईकडे जा. फक्त एक ध्यानात ठेवा : एका हंगामात दोनच क्लबांकडून अधिकृत सामने खेळता येतात. ऑगस्टमध्ये एका क्लबकडून दहा मिनिटं उतरलात आणि जानेवारीत दुसऱ्याकडे गेलात, तर तिथला पगार थकल्यावर सहसा जूनपर्यंत वाट बघावी लागते.