विदर्भाच्या उन्हात कोणती गाडी: एअर-कूल्ड, ऑइल-कूल्ड की रेडिएटरवाली?

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 ओलांडतो, तेव्हा नवी मोटरसायकल घेणारा आधी विचारतो, इंजिन तापणार तर नाही? माझा उलटा प्रश्न असतो: तुमची गाडी रोज किती वेळ इंजिन चालू ठेवून नुसती उभी राहते? चालत्या गाडीला 45 अंशांची हवाही पुरते, कारण सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, शंभर अंशांच्या बरंच वर तापलेलं असतं. खरा घात होतो तो सिग्नलवर, फाटकापाशी, मिरवणुकीमागे.

स्प्लेंडरसारखं 100 सीसीचं एअर-कूल्ड, म्हणजे नुसत्या वाऱ्यावर थंड होणारं इंजिन मुळात उष्णताच कमी तयार करतं. गावातून तालुक्याला जायला ते उत्तम, थंडाव्यासाठीची देखभालही जवळपास शून्य. फक्त फिन्समधला, म्हणजे इंजिनवरच्या धातूच्या पात्यांमधला, चिखल धुवा आणि लेगगार्डला बॅनरचं कापड बांधू नका, वारा अडतो.

अपाची आरटीआर 160 4व्ही ऑइल-कूल्ड आहे. इंजिनचंच ऑइल पुढच्या छोट्या कूलरमधून फिरून येतं. दोघं बसून हायवेवर तासन् तास जाणाऱ्याला ही मला सगळ्यात व्यवहारी वाटते. पण त्या कूलरलाही वारा लागतोच, आणि ऑइल कमी झालं तर वंगण आणि थंडावा दोन्ही एकदम जातात. दर आठवड्याला लेव्हल बघायची सवय नसेल तर ही घेऊ नका.

पल्सर एनएस200 मध्ये कूलंट (इंजिनमधली उष्णता वाहून नेणारं द्रव), ते थंड करणारा जाळीदार रेडिएटर आणि पंखा. गाडी उभी असतानाही पंखा उष्णता बाहेर फेकतो, म्हणून नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत रोज अडकणाऱ्याने हीच घ्यावी. ती गरम हवा पायांवर येते, हे मात्र सोसावं लागतं. रेडिएटर पुढच्या चाकामागे असल्याने खडी उडून जाळी चेपते, गळती लागली तर खर्च मोठा. आणि कूलंटऐवजी बोअरचं पाणी कधीही टाकू नका. आपल्याकडच्या पाण्यातले क्षार आतल्या वाटा बुजवतात.

जुनी एनएस बघायला गेलात तर इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. मग गाडी उभ्यानेच चालू ठेवा आणि पंखा सुरू होईपर्यंत थांबा. तापमानाचा इशारा देणारा दिवा लागला तरी पंखा फिरला नाही, तर तिथूनच परत या. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं.