झाडीतला डिस्क गोल्फ कोर्स: ताकदीपेक्षा अचूकतेला मान

डिस्क गोल्फमध्ये चपटी तबकडी, म्हणजे डिस्क, कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायची असते. सार्वजनिक उद्यानाच्या दाट झाडीत आखलेला हा १८ बास्केटचा कोर्स लांब फेकणाऱ्यापेक्षा डिस्क सोडताना तिचा कोन सांभाळणाऱ्याला झुकते माप देतो, आणि माझ्या मते तेच त्याचे मोठेपण आहे. बहुतेक ठिकाणी टीवर, म्हणजे पहिली फेक करण्याच्या जागी, उभे राहिले की खोडांमधली मोकळी फट स्पष्ट दिसते. ती साधली नाही, तर दोष खेळाडूचाच. उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेऊन) फेकलेली डिस्क वेग ओसरताच डावीकडे वळते आणि फोरहँड (हात शरीराच्या बाजूने पुढे आणून) फेकलेली उजवीकडे. आखणी करणाऱ्याने दोन्ही बाजूंची वळणे जवळजवळ सारखी ठेवल्यामुळे एकाच प्रकारच्या फेकीवर भिस्त ठेवणाऱ्याची येथे लवकरच कोंडी होते. लांब फेकीसाठीची वेगवान डिस्क, म्हणजे ड्रायव्हर, शक्यतो पिशवीतच राहू द्यावा. मध्यम अंतराची मिडरेंज आणि जवळच्या फेकीची पुटर या डिस्क पुरतात.

खरी परीक्षा डिस्क झाडीत शिरल्यावर सुरू होते. नियमाप्रमाणे फांद्या मोडून वाट करता येत नाही आणि अडथळा कमीत कमी हलेल असेच उभे राहावे लागते. त्यामुळे गुडघा टेकून, हात पुरता मागे न नेता, केवळ मनगटाच्या झटक्याने डिस्क फेअरवेवर, म्हणजे टीपासून बास्केटपर्यंतच्या मोकळ्या पट्ट्यावर, परत आणण्याचे कसब येथे फार कामी येते. पानगळीच्या दिवसांत भडक रंगाचीच डिस्क न्यावी, कारण ती शोधायला तीन मिनिटे मिळतात आणि न सापडल्यास एका फेकीचा दंड बसतो.

बाराव्या टीसमोरची दोन खोडे मात्र मला पटली नाहीत. तेथे कौशल्याने साधावी अशी वाटच नाही, सगळा भरवसा नशिबावर. पुढच्या टीकडे नेणाऱ्या पाट्याही तुटपुंज्या आहेत.

१९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह येथे या खेळाचा पहिला कायमस्वरूपी कोर्स झाला, तोही सार्वजनिक उद्यानातच. म्हणजे फिरायला येणाऱ्यांबरोबर जागा वाटून घेणे या खेळाला नवे नाही. तरीही पंधराव्या टीसमोर पायवाट वळणाआडून अचानक येते आणि येणारा माणूस शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तेथे सोबतच्या एकाला वळणावर उभे करून, त्याचा इशारा मिळाल्यावरच फेकावे. व्यवस्थापनाने ती टी पायवाटेच्या पलीकडे हलवली, तर तेवढीही गरज उरणार नाही.