४८० मिमीच्या जुन्या लेन्सला शटर कोणतं घ्यावं?

छापखान्याच्या प्रोसेस कॅमेऱ्यातून निघालेल्या ४८० मिमी, एफ/९ लेन्सची काच अप्रतिम असते, पण शटर नसतं. नागपुरात ते शोधताना आधी ऊन मोजा, मग पैसे. दुपारच्या लख्ख उन्हात झीरो माइलचा खांब टिपायचा, फिल्म आयएसओ १०० ची, तर एफ/१६ ला १/१०० सेकंद लागतो. म्हणजे एफ/३२ ला १/२५ आणि एफ/४५ ला १/१२. एवढ्या लांब लेन्सला खोलवर फोकस हवा असेल तर तुम्ही एफ/३२ च्या आसपासच राहणार. मग १/५०० चं शटर हवंय कशाला?

म्हणून माझं मत पॅकार्ड शटरला. लेन्सबोर्डामागे, म्हणजे लेन्स बसवायच्या फळीमागे बसतं, भोक मोठं असतं, फुगा दाबला की हवेने पाती उघडतात. पिनवालं मॉडेल घ्या. पिन घातली की एका दाबात साधारण १/२५ मिळतो, पिन काढली की दाबून ठेवाल तेवढा वेळ उघडं. मे महिन्यात इथे रबर कडक होऊन चिरतं, तेव्हा फुगा आणि नळी नवी लावा. औषधाच्या दुकानातला बीपी मशीनचा फुगा तसाच लावू नका. त्यात झडप असते, हवा परत येत नाही आणि शटर मिटत नाही.

सिनार-कोपल हे सिनार कॅमेऱ्याचं लेन्समागे बसणारं शटर अचूक: ८ सेकंद ते १/६०. कॅमेरा सिनारचा असेल आणि बिनशटरच्या तीन-चार लेन्स असतील, तर पॅकार्ड विसरा, हेच घ्या. लाकडी फील्ड कॅमेऱ्याला मात्र अडॅप्टर लागतो, आणि पुढच्या स्टँडर्डवरचं, म्हणजे लेन्स धरणाऱ्या चौकटीवरचं वजन वाढतं.

कोपल ३ या शटरचा मोह बहुतेकांना होतो. १ सेकंद ते १/१२५, सगळं नेमकं. पण त्याचं भोक ४५ मिमीच्या आसपास, आणि ४८० भागिले ९ म्हणजे ५३. लेन्स शटरच्या पुढे बसवली तर पूर्ण उघडल्यावर प्रकाश कापला जाणार, ८×१० इंची फिल्मवर कोपरे काळवंडणार. हिंगणा एमआयडीसीतला चांगला लेथवाला लेन्स शटरवर बसवायची रिंग करून देईलही, पण एवढा खर्च एकाच लेन्ससाठी.

स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यात फिल्मपुढेच पडद्याचं शटर असतं, पण त्याचा भाता ३० सेंटिमीटरच्या आसपासच ताणतो, त्यामुळे या लेन्सचा फोकस दूरवरही बसणार नाही. थॉर्नटन-पिकार्डचं जुनं, कापडी पडद्याचं शटर घेण्याआधी पडदा उजेडासमोर धरून बारीक छिद्रं शोधा.

फोटोच्या कागदावर, आयएसओ ६ धरून, त्याच उन्हात एफ/४५ ला वेळ सव्वा सेकंदाच्या वर जातो. तिथे लेन्सची टोपीच पुरते.

जुनं शटर घेताना विक्रेत्याकडून सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ मागा. १/२५ ला नऊ-दहा फ्रेम उघड्या दिसल्या पाहिजेत.